सहीनंतरचा नकाशा

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. एका माणसाची नजर चांगली शाबूत होती, आणि ती गेली आहे असं मी त्याला मरेपर्यंत समजू दिलं.

माणूस कसा होता ते आधी सांगतो. म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

चष्मा कपाळावर चढवायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजवा डोळा कागदाच्या इतका जवळ न्यायचा की पाहणाऱ्याला वाटावं, हा नकाशा हुंगतोय. राजाजीनगरच्या आमच्या कारखान्यात नवीन आलेला प्रत्येक जण त्यांना पाहून एकदा तरी हसला आहे. मीही हसलो होतो. शाळांच्या भिंतींवर टांगायचे नकाशे आणि तक्ते आम्ही छापायचो. ते तपासायचं काम त्यांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मालकसुद्धा.

अण्णा निपाणीकडचे. घरात मराठी, शाळेत कन्नड. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकमेकींना वाट देत सुखाने नांदायच्या. मी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवर नकाशे मांडणारा. माझं कन्नड ‘सरी’ म्हणजे ठीक आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरा, यांच्या पुढे इतक्या वर्षांत फारसं सरकलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “पहिलं महायुद्ध कशानं सुरू झालं रे?”

मी म्हणालो, “राजपुत्राचा खून झाला म्हणून.”

“ते गाईडात आहे. सरी, स्वल्प मागं जाऊ या. आदल्या दिवशी काय झालं?”

“आदल्या दिवशी? माहीत नाही.”

“मला तरी कुठं माहीत आहे? पण विचारायचं की.”

आणि मग ते मागे मागे जात राहिले. मोटारवाल्याने चुकीचं वळण घेतलं, गाडी नेमकी मारेकऱ्यापुढे येऊन थांबली. त्याच्याही आधी कोणी कोणाशी करार केले होते, कोण कोणाला घाबरत होतं. एकीची दोघांत वाटून घेतलेली बाय-टू कॉफी निवून जायची. ते मला पुन्हा पुन्हा सांगत, की खून आणि युद्ध यांच्यामध्ये एक अख्खा महिना गेला. उन्हाळ्याचे दिवस होते. बडी बडी माणसं सुट्टीवर गेली होती. प्रत्येकाला वाटत होतं, समोरचा मागे सरकेल, मिटेल आपोआप.

“आणि मग गाड्या सुटल्या,” असं म्हणून ते यशवंतपूरच्या दिशेला मान वळवत. दुपारी तिकडून गाडीची शिट्टी ऐकू यायची. “सैन्य गोळा करायचं तर आगगाड्या लागतात. त्यांचं वेळापत्रक कित्येक वर्षं बसवून ठेवलेलं. एक सुटली की तिच्या मागची सुटायलाच पाहिजे. राजा म्हणाला, स्वल्प थांबा. सेनापती म्हणाला, आता जमत नाही. बघ की, एवढ्या मोठ्या युद्धात थांबा म्हणणारा एक माणूस होता. पण तो बोलला कधी? गाड्या सुटल्यावर.”

आदल्या दिवसाचा हा नाद ते रस्त्यावरही सोडत नसत. एकदा आम्ही दोघे जेवून परत येत होतो. कारखान्याच्या कोपऱ्यावर एक रिक्षावाला आणि एक स्कूटरवाला एकमेकांच्या कॉलरला हात घालून उभे. स्कूटरचा आरसा फुटला होता. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं, त्यातले चौघे मोबाईलवर चित्रीकरण करणारे. अण्णा सरळ आत घुसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “निन्ने एनाय्तु?” काल काय झालं?

रिक्षावाला गांगरला. “काल? आरसा आत्ता फुटलाय, सार.”

“ते दिसतंय. काल काय झालं ते सांग.”

आणि तो माणूस बोलायला लागला. काल आईला इस्पितळात दाखल केलं होतं, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. स्कूटरवाल्याचा हात कॉलरवरून केव्हा खाली आला ते त्यालाही कळलं नाही. अण्णा घाम पुसत बाहेर आले. मी तेव्हा कुठे होतो म्हणाल, तर समोरच्या फुटपाथवर त्यांची पिशवी सांभाळत.

“तू का नाही आलास रे?”

“मला कन्नड येत नाही ना, अण्णा.”

“अरे, नुसतं उभं राहायला कुठली भाषा लागते?” म्हणाले आणि हसले. राग असा तो नव्हताच.

आता ज्या तक्त्यामुळे हे सगळं झालं त्याकडे येतो.

शाळांसाठी दोन तक्त्यांचा जोड करायचा होता. एकावर, पहिलं महायुद्ध कसं पसरत गेलं. दुसऱ्यावर, दुसऱ्या महायुद्धात कोणते देश कोणत्या बाजूला आणि कोणते तटस्थ. मालकांचा हिशेब सोपा होता. एक बाजू लाल, दुसरी निळी, तटस्थ पांढरे. अण्णा पांढऱ्याला तयार होईनात.

“नकाशात पांढरा म्हणजे बर्फ, नाहीतर माहिती नाही,” ते म्हणाले. “या देशांत माणसं राहत होती की.”

“मग पिवळा करा.”

“सगळे एकच पिवळा? एकाच्या भोवती डोंगर आहे, म्हणून तो गप्प. एकाच्या खाणीतलं लोखंड युद्धवाल्यांना जातंय, म्हणून गप्प. एकाच्या घरातच नुकती भावाभावांची कापाकापी झालीय, उभं राहायचं त्राण नाही. एकाला दोन्हीकडून बोलावणं आहे, तो दोघांनाही चहा पाजतोय. हे सगळे एका रंगात कसे घालू?”

मालक राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातले, चौथी पिढी. बोलताना त्यांचंही निम्मं कन्नड. ते हात जोडून म्हणाले, “अण्णा, पोरांना परीक्षेत एक मार्काचा प्रश्न. तटस्थ म्हणजे तटस्थ. मुगीतु.” विषय संपला, म्हणजे.

विषय अर्थातच संपला नाही. पंधरा दिवस कारखान्यात पिवळ्याच्या छटांवर खल चालला. शेवटी रंग एकच राहिला, पण प्रत्येक देशाखाली बारीक अक्षरात एक ओळ आली, तो का लढला नाही त्याची. ज्या देशांनी ‘आम्ही कोणाच्या बाजूचे नाही’ असं जाहीर केलं आणि तरीही ज्यांच्यावरून फौजा चालत गेल्या, त्यांच्यावर अण्णांनी तिरप्या रेघा मारायला लावल्या. त्या रेघा मी माऊसने मारत असताना ते मागे उभे होते.

“लहान देशाला नावं ठेवू नयेत बघ,” ते हळूच म्हणाले. “त्याच्या दारात रणगाडा उभा असतो. त्यानं तोंड उघडावं असं आपण लांबून म्हणायचं, हे काही खरं नाही.”

“आणि आपला देश, अण्णा? आपण कुठल्या रंगात?”

“आपल्याला विचारलंच नाही. साहेबानं परस्पर सांगून टाकलं, हेही लढणार. त्याच्या आधीच्या युद्धात माझ्या आजोबांचा भाऊ असाच गेला, कुठं वाळवंटात. गप्प राहायला सुद्धा आधी कोणीतरी विचारावं लागतं.”

हा दुसरा तक्ता मोठा झाला होता. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जुने देश आज कुठे आहेत ते मुलांना कळावं म्हणून, आजच्या जगाचा एक छोटा नकाशा होता. त्यातला भारत माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

आमच्याकडे एक रिवाज होता. शेवटचं प्रूफ अण्णा दिवसभर पाहायचे. सगळं बरोबर असलं की हिरव्या पेन्सिलीने कोपऱ्यात सही करायचे. त्या सहीनंतर नकाशातली एक रेघही हलवायची नाही. हलवावी लागलीच, तर पेन्सिलीची सही खोडायची आणि प्रूफ पुन्हा त्यांच्यापुढे ठेवायचं. एकदा एका समुद्राच्या नावातला ठिपका हलला म्हणून त्यांनी छपाई एक दिवस थांबवली होती. मालक चिडचिडले होते. अण्णा म्हणाले होते, “सही झाल्यावर तो कागद माझा नाही, पोरांचा.”

या तक्त्यावर सही झाली शुक्रवारी. शनिवारी अण्णा मुलीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हेब्बाळला गेले. आणि शनिवारी दुपारी माझी फाइल अडकली. छपाईसाठी पाठवायला घेतली की कॉम्प्युटर बंद पडायचा. तीनदा झालं. छापखान्याचा माणूस दारात उभा. मी शोधून काढलं की घोटाळा त्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात आहे. तो काढला की बाकी सगळं सुरळीत चालत होतं.

फोन करता आला असता. फोन माझ्या हातातच होता. पण अण्णा म्हणाले असते, थांब, सोमवारी बघू. मी इंटरनेटवरून आजच्या जगाचा एक तयार नकाशा उतरवला, तेवढ्याच आकाराचा केला, तिथे बसवला. दहा मिनिटांचं काम. फाइल गेली.

उतरवलेल्या नकाशात भारताच्या माथ्यावरची रेघ चुकीची होती. परदेशी नकाशात असते तशी, काश्मीर कापणारी. नखाएवढ्या भारतात ती मला दिसली नाही. मी पाहिलंही नाही, खरं सांगायचं तर.

तक्ते शाळांत गेले. दीड महिन्याने एका शाळेतल्या शिक्षिकेने त्या कोपऱ्याचा मोठा करून काढलेला फोटो फिरवला. देशाचा नकाशा चुकीचा छापणं ही साधी चूक धरत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. खुलासा मागणारं सरकारी पत्र आलं. तक्ते परत मागवावे लागले. मालकांना सरकारी कचेरीत दोनदा जाऊन उभं राहावं लागलं.

पत्र आलं त्याच दिवशी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्ता पसरलेला. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा त्या कोपऱ्यापाशी नेला. खूप वेळ ते वाकलेलेच होते.

“हे माझ्या डोळ्यांखालून गेलं?” ते म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हे.

मालक म्हणाले, “अण्णा, सही केलेलं प्रूफ बघू या. कुठंय ते?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रूफं मांडणीवर ठेवायचं काम माझं. कधीकधी जुनं प्रूफ छापील तक्त्यांच्या गठ्ठ्याला वेष्टन म्हणून जायचं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

“गठ्ठ्याबरोबर गेलं असेल,” मी म्हणालो.

ते गेलं नव्हतं. फोटो फिरायला लागला त्याच संध्याकाळी मी ते गुंडाळून घरी नेलं होतं. माझ्या कपाटावर होतं. त्यावर हिरवी सही होती आणि कोपऱ्यातला भारत अगदी बरोबर होता.

मालकांनी सरळ विचारलं, “सहीनंतर काही बदललं होतं का?”

अण्णाही माझ्याकडे पाहत होते. संशयाने नव्हे, आशेने. मी काहीतरी आठवून सांगीन अशी आशा.

मी म्हणालो, “मला यात पडायचं नाही, सर. अण्णांच्या सहीनंतर मी काही बघत नाही.”

नीट पाहा, यात एकही शब्द मी अण्णांच्या विरुद्ध बोललो नाही. कित्येक महिने मी स्वतःला हेच सांगत होतो. मी कोणाच्या बाजूने नव्हतो. पण माझं हे तटस्थ राहणं कपाटावर कागद लपवून होतं, आणि माझ्या दारात तर रणगाडाही नव्हता. मालक ओरडले असते. फार तर महिनाभर तोंड वळवलं असतं. कॉम्प्युटरवर नकाशे मांडणारी माणसं त्यांना सहज मिळत नव्हती. मला घालवलं नसतं. हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

मालक वाईट माणूस नव्हे. ते एवढंच म्हणाले, “अण्णा, वय झालं आता. स्वल्प विश्रांती घ्या.”

अण्णांनी हिरवी पेन्सिल खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. “सरी,” म्हणाले.

मला वाटलं, आठवड्याभरात वातावरण निवळलं की सांगू. मग वाटलं, दिवाळीनंतर. मग इतके दिवस उलटले की आता सांगायचं तर चुकीपेक्षा इतके दिवस गप्प का होतो याचाच जाब मोठा झाला होता.

मी त्यांच्याकडे जात राहिलो. महिन्यातून एखादा रविवार. त्यांनी डोळे तपासून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मला वाटलं, सुटलो. पण अण्णा म्हणाले, “डोळा चांगला आहे म्हणतात. म्हणजे डोक्यातच काहीतरी गेलं. दिसतं, पण कळत नाही.”

“असं काही नसतं, अण्णा.”

“तुला काय ठाऊक? नखाएवढं होतं मान्य आहे. पण मी त्याच्याहून बारीक पकडलंय रे. आणि ते तर आपलंच घर होतं.”

त्यानंतर त्यांनी एकेक गोष्ट सोडली. बसवरचा नंबर शेजारच्याला विचारू लागले. मग बसच सोडली. पेपरातलं शब्दकोडं सोडलं. त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगायच्या, “औषधाची गोळी हातात घेऊन तिचं नाव तीनदा वाचून घेतात, दोनदा स्वतः आणि एकदा माझ्याकडून.” गल्लीतली मुलं परीक्षेच्या आधी इतिहास विचारायला येत, त्यांनाही ते परत पाठवू लागले. “मी काहीतरी चुकीचं सांगेन बाबा, तुमचे मार्क जातील.”

पेपरात हल्ली युद्धाचे नकाशे रोज येतात, तुम्हीही पाहत असाल. अण्णा अशा नकाशावर बोट ठेवून मला विचारायचे, “ही सीमा बरोबर काढलीय का? तूच बघून सांग.” मला! मी पाहिल्यासारखं करायचो आणि बरोबर आहे म्हणायचो.

शेवटची भेट गेल्या पावसाळ्याच्या अखेरची. टीव्हीवर कुठल्यातरी शहराची पडलेली घरं दाखवत होते. खाली ओळ सरकत होती, अमुक देशांनी कोणाचीही बाजू न घेण्याचं ठरवलं आहे. मी मुद्दामच विचारलं. त्यांना पूर्वीसारखं बोलतं करावं, एवढाच हेतू होता.

“अण्णा, आदल्या दिवशी काय झालं असेल हो?”

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, “मला नको विचारूस. ज्याला स्वतःच्याच आदल्या दिवसाची खात्री नाही, त्यानं जगाचं काय सांगायचं? मी कितीदा तो शुक्रवार आठवून बघतो. डोळ्यांपुढं येतो तो नकाशा बरोबरच येतो रे. वरची रेघ जागच्या जागी. म्हणजे बघ, आठवणसुद्धा खोटं दाखवायला लागली.”

मी खुर्चीत पुढे सरकलो. अण्णा, तुमची आठवण खरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात काकू कॉफी घेऊन आल्या. मी पेला घेतला आणि म्हणालो, “छान झालीय, काकू.”

दोन महिन्यांनी ते दुपारच्या झोपेतच गेले.

तेराव्याला मी हेब्बाळला गेलो. त्यांची मुलगी दारापर्यंत आली. रडून रडून आवाज बसला होता. म्हणाली, “कारखान्यातले बाकी सगळे विसरले, दादा. तुम्ही एकटेच बाबांना शेवटपर्यंत सोडलं नाहीत.”

मी मान खाली घातली. तिला तो नम्रपणा वाटला.

मग म्हणाली, “मी त्यांना फार बोलले हो. त्या नकाशाच्या भानगडीनंतर मला भीतीच बसली. डोकं चालेना म्हटल्यावर एकटे बाहेर जायचं नाही, किल्ली घ्यायची नाही, सहा महिने नुसती कटकट. एकदा तर म्हणाले, मला नातीला शाळेतून आणू दे. मी म्हणाले, नको बाबा, तुमचा काय भरवसा. तेव्हापासून त्यांनी काही मागितलंच नाही.”

ती माझ्याकडून काहीतरी ऐकायला थांबली होती. तुमचं बरोबरच होतं, असं काहीसं. मी चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

घरी आल्यावर ते प्रूफ कपाटावरून काढलं. भिंग घेऊन पाहिलं. नखाएवढ्या भारताच्या माथ्यावर अण्णांनी सहीच्या पेन्सिलीनेच एक बारीकशी खूण केली होती, मुंगीच्या पायाएवढी. म्हणजे ती रेघ त्यांनी वेगळी, मुद्दाम तपासली होती.

हे मी इथे लिहिलं. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्यापुढे बोलणं सोपं आहे. अण्णांना सांगायची वेळ मी घालवली, ती आता परत येणार नाही. जे अजून करता येईल तेवढं सांगतो. मला हेब्बाळला जाऊन, तो कागद तिच्यासमोर पसरून, त्यांच्या मुलीला माझ्या तोंडाने सांगायचं आहे की नकाशा मी बदलला होता आणि तिच्या वडिलांची नजर शेवटच्या दिवसापर्यंत चांगली होती. ते मी अजून सांगितलेलं नाही.